स्टोरेजच्या सेटिंगवर सही कोणाची?

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एनएसई, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजार, ठप्प झाला. व्यवहार पुन्हा सुरू व्हायला दुपारचे पावणेचार वाजले आणि त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालू ठेवावा लागला. पहिल्या बातम्या टेलिकॉम कंपन्यांच्या तारा तुटल्याच्या होत्या. त्या खोट्या नव्हत्या. रस्त्यावरच्या खोदकामाने आणि बांधकामाने दोन कंपन्यांच्या जोडण्या गेल्या होत्याच. पण महिनाभराने एनएसईने जे सविस्तर निवेदन काढले त्यातली मेख वेगळी होती. तारा तुटल्या तरी बाजार थांबायला नको होता. तो थांबला, कारण तारा तुटताच मुख्य ठिकाणचे स्टोरेज सर्व्हरना दिसेनासे झाले. त्याबरोबर क्लिअरिंगची, म्हणजे सौद्यांचा हिशेब चुकता करण्याची, जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली, आणि जोखीम मोजता येत नसेल तर सौदे होऊ देता येत नाहीत. बिघाडाच्या वेळी स्टोरेजने काय करायचे याचा जो तर्क पुरवठादाराने यंत्रात बसवला होता, तो क्लिअरिंग कंपनीच्या गरजेशी जुळणारा नव्हता, असे एनएसईचे म्हणणे. पुढे २०२३ मध्ये एनएसई आणि तिची क्लिअरिंग कंपनी यांनी बाजार नियामक सेबीशी तडजोड करून ७२ कोटी रुपयांहून अधिक रक्कम भरली.

म्हणजे खोदकाम हे निमित्त. खरा प्रश्न एका सेटिंगचा होता. एकच माहिती दोन ठिकाणी एकाच वेळी लिहिणारे स्टोरेज उभारताना एक गोष्ट आधीच ठरवून ठेवावी लागते: मधली वाट तुटली तर मुख्य ठिकाणाने एकट्याने लिहीत राहायचे, की दोन्हीकडच्या प्रतींत फरक पडू नये म्हणून हात आखडता घ्यायचा? दोन्ही उत्तरांना आधार आहे. एकाही नोंदीचा फरक परवडणार नाही अशा संस्थेने थांबणे समजू शकते. क्षणभरही थांबणे परवडणार नाही अशा संस्थेने चालू राहणे समजू शकते. यातले कोणते निवडायचे हे यंत्र सांगत नाही, इंजिनिअरिंगचे पुस्तकही सांगत नाही. ते संस्थेने ठरवायचे असते. आणि तरीही आपल्याकडे अशी निवड बहुधा होते ती यंत्र बसवण्याच्या दिवशी, डेटा सेंटरच्या थंड खोलीत, पुरवठादाराच्या इंजिनिअरच्या लॅपटॉपवर. माझे म्हणणे एवढेच आहे की स्टोरेजची मांडणी ही धोरणाची बाब आहे. ती निविदेत लिहिली गेली पाहिजे आणि तिच्यावर संस्थेच्या प्रमुखाची सही असली पाहिजे.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर आतले हिशेब पाहावेत. मोठ्या स्टोरेजमध्ये शेकडो डिस्क असतात. त्या सुट्या वापरल्या जात नाहीत. त्यांचे गट करतात, गटांचा मिळून एक पूल होतो आणि त्या पूलमधून प्रत्येक विभागाला हवी तेवढी जागा कापून दिली जाते. डिस्क मरणार हे गृहीतच असते. म्हणून गटातल्या काही जागेत पॅरिटी ठेवतात, म्हणजे अशी गणिती शिल्लक, जिच्यावरून मेलेल्या डिस्कवरचा मजकूर पुन्हा काढता येतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात या पद्धतीला रेड हे नाव दिले आणि आजची सगळी दुकाने त्याच पायावर उभी आहेत. आता समजा, २० टेराबाइटच्या १०० डिस्क घेतल्या. कागदावर २,००० टेराबाइट झाले. सात डिस्कमागे एक पॅरिटी ठेवली तर वापरायला १,७५० मिळतात. सहामागे दोन ठेवल्या तर १,५००. प्रत्येक अक्षराची सरळ दुसरी प्रत ठेवली तर १,०००. यंत्र तेच, किंमत तीच, आणि हाती पडणारी जागा दुपटीच्या जवळपास कमीजास्त. या फरकाच्या बदल्यात काय मिळते? पहिल्या मांडणीत गटातली एक डिस्क गेली तर निभावते, दुसरी गेली की तो गट संपला. दुसऱ्या मांडणीत दोन गेल्या तरी निभावते.

एका वेळी दोन डिस्क कशाला जातील, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर वेळेत दडलेले आहे. मेलेल्या डिस्कच्या जागी राखीव डिस्क आली की तिच्यावर सगळा मजकूर नव्याने लिहावा लागतो. याला रिबिल्ड म्हणतात. २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २५० मेगाबाइट या भरधाव वेगाने अखंड लिहिली, तरी ८०,००० सेकंद लागतात, म्हणजे २२ तासांहून थोडे जास्त. प्रत्यक्षात त्याच वेळी कार्यालयाचे कामही चालू असते, त्यामुळे हे काम काही दिवस रेंगाळू शकते. रिबिल्डला किती अग्रक्रम द्यायचा हीसुद्धा एक सेटिंगच: जास्त दिला तर वापरणाऱ्यांची कामे मंदावतात, कमी दिला तर उघडे पडण्याचा काळ लांबतो. शिवाय या काळात उरलेल्या सातही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १४० टेराबाइट. मोठ्या संस्थांसाठी विकल्या जाणाऱ्या डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या जागेचे प्रमाण साधारणपणे १२५ टेराबाइटमागे एक असे दिलेले असते. ती वरची मर्यादा आहे, डिस्क बऱ्याचदा त्याहून बऱ्या वागतात, हे मान्य. पण एकाच पॅरिटीची मांडणी स्वीकारणारी संस्था पुरवठादाराच्या कागदावरच्या मर्यादेलाही ओलांडून नशिबावर भिस्त ठेवत असते, आणि हे तिला कोणी सांगितलेले नसते.

माहितीपत्रकांवर किती विसंबायचे याचाही पुरावा आहे. २००७ मध्ये बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन (रेडच्या मूळ निबंधातलेच गिब्सन) यांनी सुमारे १,००,००० डिस्कच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या. माहितीपत्रकांतल्या आकड्यांवरून वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागणे सर्रास आढळले आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे मरत नाहीत, त्यांचे मरण घोळक्याने येते, असे त्यांना दिसले. ज्यांना वाटते की चकतीवाल्या डिस्क जाऊन एसएसडी आल्या आणि हा प्रश्न मिटला, त्यांनी नोव्हेंबर २०१९ मधली एचपीई या संगणक कंपनीची सूचना आठवावी. कंपनीच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, फर्मवेअरमधल्या (डिस्कच्या आतल्या प्रोग्राममधल्या) चुकीमुळे कायमच्या बंद पडणार होत्या. आतला मजकूरही परत मिळणार नव्हता. एकाच दिवशी सुरू केलेल्या अशा डिस्कचा अख्खा गट एकाच दिवशी झोपला असता. तिथे एक पॅरिटी काय आणि दोन काय. कंपनीने वेळीच दुरुस्त फर्मवेअर दिले, पण ते चढवण्याचे काम यंत्र बाळगणाऱ्यांचेच होते. ते आपल्याकडे कोणत्या माणसाकडे सोपवलेले असते, हे किती कार्यालये पटकन सांगू शकतील?

आता निविदेकडे येऊ, कारण आपल्या सरकारी खरेदीत दुखणे तिथून सुरू होते. निविदेत ‘इतके टेराबाइट’ एवढेच लिहिले, ती जागा किती बिघाड सोसून मिळाली पाहिजे ते लिहिले नाही, तर सगळ्यांत कमी दराचा देकार देणाऱ्या, म्हणजे एल-वन, पुरवठादाराला मांडणी पातळ करण्यावाचून पर्यायच उरत नाही. जो सहामागे दोन पॅरिटी धरून भाव देईल, त्याला जास्त डिस्क लावाव्या लागतील आणि तो स्पर्धेतून बाद होईल. चौदामागे दोन अशी रुंद मांडणी करून सातामागे एक इतकीच जागा देता येते आणि ती त्याहून सुरक्षितही असते. जाणते पुरवठादार तो मार्ग घेतात, पण त्यात रिबिल्डच्या वेळी जास्त डिस्क वाचाव्या लागतात. तात्पर्य, येथे फुकट काहीच नाही, आणि नेमके काय देऊन काय घेतले हे खरेदी समितीच्या टिपणीत शोधूनही सापडत नाही. पुरवठादाराला दोष देण्यातही फारसा अर्थ नाही. विचारले नाही ते त्याने दिले नाही.

दुसरी निवड त्याहून चोरपावलांनी येते. तिला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. पूलमध्ये १०० टेराबाइट असताना सगळ्या विभागांना मिळून ३०० टेराबाइट दिल्याचे दाखवायचे, कारण मागितलेली सगळी जागा कोणीच लगेच वापरत नाही. लग्नात पाचशे पत्रिका वाटून साडेतीनशे पानांचा स्वयंपाक करावा तसा हा व्यवहार आहे, आणि तो गैर मुळीच नाही. पैसे वाचवण्याचा तो रास्त उपाय आहे. फरक इतकाच की येथे अंदाज चुकला तर उशिरा आलेलाच उपाशी राहतो असे नाही. पूल खरोखर भरला की त्यावरच्या कोणालाच नवे लिहिता येत नाही, ज्याच्या नावावर भरपूर मोकळी जागा दिसते आहे त्यालाही. म्हणून वाटप किती पट करायचे, पूल किती टक्के भरल्यावर इशारा द्यायचा आणि तो इशारा कोणाच्या फोनवर जायचा, या तीन गोष्टी ठरवाव्याच लागतात. जागा संपणे किती महागात पडते हे टोयोटाने पाहिले आहे. २७ ऑगस्ट २०२३ रोजी तिच्याकडे नियमित देखभाल झाली. डेटाबेसमधली साचलेली माहिती काढून टाकताना आणि लावून घेताना डिस्कवरची जागा अपुरी पडली आणि सुट्या भागांच्या मागण्या हाताळणारे सर्व्हर बंद पडले. राखीव सर्व्हर त्याच प्रणालीवर चालत असल्याने तेही तसेच अडकले. २९ तारखेला जपानमधले कंपनीचे सगळे १४ कारखाने थांबले होते. सुट्या भागांचा साठा काटेकोर ठेवण्यासाठी जगभर वाखाणली जाणारी ही कंपनी. तिच्या घरात डिस्कवरच्या जागेचा साठा मात्र कमी पडला.

आणि तिसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याचे, जे सरकारी यंत्रणेसाठी सर्वांत बोलके आहे. डिसेंबर २०१६ मध्ये त्या खात्याचे सिडनीतले स्टोरेज कोसळले आणि बहुतेक सेवा बंद पडल्या. पुढच्या वर्षी खात्याने स्वतःच अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दिसते की सुमारे ८०० पैकी फक्त १२ डिस्क गेल्या होत्या. पण स्टोरेजची रचना करताना स्थैर्यापेक्षा वेगाला झुकते माप दिले गेले होते. उपलब्ध असलेल्या काही संरक्षक सोयी वापरात आणल्या नव्हत्या. पुन्हा उभे राहायला लागणारी साधने त्याच स्टोरेजवर ठेवली होती, त्यामुळे ती नेमकी हवी तेव्हा हाताशी नव्हती. आधीच्या काही महिन्यांत दीडशेहून अधिक इशारे नोंदले गेले होते. सिडनीचे स्टोरेज पूर्ण गेले तर दुसरीकडे आपोआप जाण्याची सोय खर्चाच्या मानाने परवडणारी नाही, असे आधी ठरले होते. हे सारे वाचताना मला खात्याचा राग येत नाही, उलट हेवा वाटतो. कारण असा अहवाल निघाला, तो कोणालाही वाचता आला, आणि वेग की स्थैर्य ही निवड कधीतरी झाली होती हे निदान लोकांपुढे आले. आपल्याकडे ‘सर्व्हर डाऊन’ एवढ्यावर विषय संपतो. तलाठी कार्यालयात सातबारा निघत नाही, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायला आलेले लोक दिवसभर बाकावर बसून परत जातात, आणि यामागे तार तुटली, पूल भरला, की आणखी काही झाले, हे कोणालाही कळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे तज्ज्ञांचे काम आहे, सनदी अधिकाऱ्याने किंवा आयुक्ताने पॅरिटीच्या भानगडीत पडू नये. त्याने पॅरिटी शिकावी असे मी म्हणतच नाही. पुलाचा अभियंता गर्डरची जाडी काढतो, पण पूल किती वजनासाठी आणि किती मोठ्या पुरासाठी बांधायचा हे शासन ठरवते आणि लिहून देते. स्टोरेजमध्ये ती लिहून देण्याची पायरीच गाळली गेली आहे. एका वेळी किती डिस्क किंवा डिस्कचे किती शेल्फ गेले तरी काम चालू राहिले पाहिजे, किती मिनिटांची माहिती गमावणे चालेल, किती तास बंद राहणे चालेल, या प्रश्नांची उत्तरे द्यायला संगणकशास्त्र लागत नाही; आपले काम माहीत असावे लागते. आणि हे सरकारी कागदात लिहिता येते याचा दाखला मुंबईतच आहे. एनएसईच्या त्या घटनेनंतर महिन्याभरातच सेबीने बाजारसंस्थांना बजावले की महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, तेथून ४५ मिनिटांत काम पुन्हा सुरू करायचे आणि १५ मिनिटांपेक्षा जास्त काळाची माहिती गमवायची नाही. हे आकडे पुरेसे कडक आहेत की नाहीत यावर वाद घालता येईल, आणि तो वाद घालता येतो हाच आकडे लिहून ठेवल्याचा फायदा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नवी यंत्रे स्वतःच चांगली मांडणी निवडतात, आणि क्लाउडवर गेले की डिस्क, पूल, रेड यांची कटकटच संपते. पहिल्या अर्ध्यात बरेच तथ्य आहे. आजच्या यंत्रांतली आयती सेटिंग बहुतेक वेळा हाताने केलेल्या खटपटीपेक्षा बरी असते, आणि उगाच तिच्यात बोट घालणाऱ्या उत्साही माणसापासून यंत्र वाचवणे हेही एक कामच आहे. पण आयती सेटिंगसुद्धा कोणीतरी केलेली निवडच असते, आणि ती आपल्यासाठी केलेली नसते. क्लाउडबाबत मे २०२४ मधली ऑस्ट्रेलियातलीच गोष्ट पुरेशी आहे. युनिसुपर या ६,००,००० हून अधिक सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीच्या गूगल क्लाउडवरच्या खासगी क्लाउडपैकी एक अचानक पुसला गेला. कारण? तो उभारताना गूगलच्या माणसांनी एका अंतर्गत साधनात एक रकाना मोकळा सोडला होता. मोकळ्या रकान्याचा आयता अर्थ असा होता की मुदत एक वर्षाची, आणि मुदत संपली की पुसून टाकायचे. दोन वेगळ्या ठिकाणच्या प्रती होत्या, त्या दोन्ही गेल्या. निधीने दुसऱ्या एका कंपनीकडेही बॅकअप ठेवले होते म्हणून पुन्हा उभे राहणे सोपे गेले. डिस्क दुसऱ्याच्या इमारतीत गेली म्हणून निर्णय तिकडे जात नाही. फार तर तो आपल्याला दिसेनासा होतो.

खर्चाचा मुद्दा उरतो. दोन पॅरिटीसाठी जास्त डिस्क, दुसऱ्या ठिकाणची प्रत, तिथली वीज, तिथली माणसे, हे सगळे पैशांचे सोंग आहे आणि ते आणता येत नाही, अशी तक्रार छोट्या नगरपालिकेने केली तर ती खोटी नाही. माझे उत्तर असे की सगळ्यांनी सगळे करावे अशी मागणीच नाही. नाट्यगृहाच्या आरक्षणाची नोंद आणि जन्म-मृत्यूची नोंद यांना एकच संरक्षण देणे हीच उधळपट्टी आहे, आणि एकाच पूलमध्ये सगळे कोंबल्याने सध्या तीच होते. काय गेले तर चालेल हे धाडसाने लिहिले की बाकीच्यासाठी पैसे निघतात. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली तेव्हा सरकारी नोकरांच्या फायली ठेवणारी जी-ड्राइव्ह ही यंत्रणा तिच्या ८५८ टेराबाइट मजकुरासह जळाली. बाहेर तिची प्रतच नव्हती, कारण आकार फार मोठा म्हणून ती घेतली जात नव्हती, असे सांगण्यात आले. कदाचित त्या फायलींपैकी बऱ्याच फालतू असतील. पण कोणत्या फालतू आणि कोणत्या मोलाच्या हे आधी वेगळे केले असते, तर मोलाच्या तेवढ्या दुसरीकडे मावल्या असत्या.

गुप्ततेची सबब मात्र मला मान्य नाही. हल्लेखोराला उपयोगी पडतात ते यंत्रांचे पत्ते, पासवर्ड आणि फर्मवेअरच्या आवृत्त्या. सातबाराची माहिती किती डिस्क गेल्या तरी टिकेल आणि बॅकअपवरून शेवटची चाचणी कधी केली, हे सांगितल्याने त्याच्या हाती काही लागत नाही. प्रत्येक सरकारी यंत्रणेने एवढे एका पानावर लिहावे, त्याखाली विभागप्रमुखाची सही घ्यावी आणि ते पान निविदेला जोडावे. वेगळा देकार देणाऱ्या पुरवठादाराने फरक कुठे आहे तो लेखी द्यावा. यंत्र ताब्यात घेण्याच्या दिवशी, देयक मंजूर होण्याआधी, चालू स्टोरेजमधून एक डिस्क खरोखर उपटून काढावी, दोन ठिकाणांमधली तार खरोखर ओढून पाहावी, आणि रिबिल्डला किती तास लागले ते त्याच पानावर टिपून ठेवावे. महालेखापालांच्या लेखापरीक्षकांनी कॅशबुकाइतक्याच सहजपणे हे पान मागायला सुरुवात केली, तर पुढच्या खरेदीत टेराबाइटच्या आकड्याशेजारी दुसरा रकाना आपोआप भरला जाईल.